रविवार, दहा ते पाच

आमच्या शेजारच्या गायकवाडांच्या हॉलमध्ये, लोक जिथं लग्नाचा फोटो लावतात तिथं, घटस्फोटाची कोर्ट ऑर्डर लावलेली आहे. लॅमिनेट करून. पाहुण्याने आधी ती वाचायची, मग चहा.

"अहो, हा काय शोभेचा कागद आहे का?" मी एकदा विचारलं.

"वहिनी, तोंडी कारभारातच माझा संसार बुडाला," ते म्हणाले. "आता सगळं लेखी."

गायकवाड हडपसरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतात, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतात. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत हेच काम ते फुकट करतात. ऑर्डरप्रमाणे त्यांची मुलगी सुजाता आईकडे राहायची आणि दर रविवारी दहा ते पाच यांच्याकडे यायची. पोर सात वर्षांची असल्यापासून. हा गृहस्थ पावणेदहालाच शनिवार पेठेत तिच्या आईच्या घराखाली हजर व्हायचा, पण बेल दहाच्या ठोक्याला. पोरीने खिडकीतून "बाबा, या ना वर!" म्हटलं, तरी हे खालून घड्याळ दाखवायचे.

संध्याकाळी तर कहरच. कॅरमची राणी पॉकेटच्या तोंडाशी असली तरी साडेचारला सोंगट्या गोळा. एकदा तिला पोचवायला गेले, तर तिची आई स्वतःच म्हणाली, "उद्या शाळेला सुट्टी आहे. राहू दे आज तुमच्याकडे."

"ऑर्डरमध्ये बसत नाही," गायकवाड म्हणाले. "तुम्ही लेखी द्या."

तिने कोपरापासून हात जोडले आणि पोरीला आत घेऊन दार लावलं. हे मला त्यांनीच सांगितलं, वर अभिमानाने. माझं डोकंच फिरलं. "अहो, पोरगी राहत होती आणि तुम्ही कायदा कसला शिकवता?"

"आज मी दोन तास जास्त घेतले आणि उद्या कुणी दोन तास कापले तर?" ते म्हणाले. "कागद आहे म्हणून ती येते, वहिनी."

गेल्या महिन्यात सुजाताला अठरा पूर्ण झाली आणि ऑर्डरची मुदत संपली. आता येणं न येणं तिच्या मर्जीवर.

"मग तिला सरळ सांगा ना, येत जा म्हणून," मी म्हटलं.

"सज्ञान आहे ती. मी कोण सांगणार?"

पुढच्या रविवारी हे इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले, पण आणायला गेले नाहीत. दहा वाजले, बारा वाजले. ती आली नाही, तिचा फोनही नाही. यांनीही केला नाही. पाचपर्यंत ते तसेच खुर्चीत बसून होते. मला फार वाईट वाटलं आणि त्यांचा रागही आला.

बुधवारी संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात गायकवाड, अनवाणी.

"वहिनी, सुजाता आलीये. एकटी, बसने. रविवारी कॉलेजचं शिबिर होतं म्हणे, मोबाइल लागत नव्हता. भूक लागलीय म्हणते."

"मग इथं काय उभे राहिलात? वाढा की!"

"रविवारी चिकन असतं हो आमच्याकडे." त्यांनी वळून आपल्या उघड्या दाराकडे पाहिलं. "बुधवारी ती काय खाते, मला माहीतच नाही."