मापाच्या ब्लाऊजाची सत्ता उलथली त्याची हकीकत

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, भाद्रपद वद्य एकादशी, वार बुधवार, इंग्रजी तारीख सतरा सप्टेंबर, ते दिवशी मराठवाडा मुक्तिदिनी शहर छत्रपती संभाजीनगर, प्रांत सिडको, येथील देवगिरी-छाया गृहनिर्माण संस्थेच्या आवारात जे घडले ते संस्थेच्या ग्रुपवर तिघांनी तीन तऱ्हांनी लिहिले आणि चौथ्याने त्यावर गुलाबाचा गुच्छ पाठविला, तेणेकरून खरे वर्तमान गुच्छाखाली गडप जाहले. सबब दरबारातून आज्ञा निघाली की अव्वलपासून अखेरपर्यंत हकीकत लिहून ठेवावी, पुढील कमिट्यांस दाखला असावा. त्यावरून लिहिले ऐसे जे :

राजमान्य राजेश्री कालिंदीबाईसाहेब, भूगोलाच्या शिक्षिका, वय वर्षे सत्तेचाळीस, उंची पाच फुटांस एक इंच कमी, संस्थेच्या पहिल्या स्त्री अध्यक्षा. दरारा ऐसा की पार्किंगमधील गाडी आडवी लावणारा त्यांची चप्पल वाजली की सरळ लावी. परंतु बाईसाहेबांस एक शल्य होते. उजवा हात खांद्यावर चढत नसे. हातास रोग म्हणावा तर नव्हता; घरात गाऊनवर असता तोच हात माळ्यावरचा पापडाचा डबा लीलया काढी. मात्र शाळेत साडी सक्तीची, साडीवर ब्लाऊज सक्तीचे, आणि ब्लाऊज अंगावर चढले की हात कैद होई. हात जरा उचलला की सारे ब्लाऊज त्याच्याबरोबर वर निघे आणि काखेतील शिवण रडू लागे.

यामुळे फळ्याचा वरचा अर्धा मुलूख बावीस वर्षे बाईसाहेबांच्या अमलाबाहेर राहिला. भारताचा नकाशा काढावा तर तो खालच्या अर्ध्यातच कोंबावा लागे आणि मग हिमालय सातपुड्याच्या उरावर येऊन बसे. बाईसाहेबांच्या हाताखालून गेलेली फौज आज शेंद्र्याच्या कारखान्यांतून मोठमोठ्या हुद्द्यांवर आहे, आणि त्यांतील कित्येक अजूनही दिल्ली अकोल्याच्या पलीकडे लगेच आहे ऐसे धरून चालतात.

इतके सोसले. परंतु गेल्या सव्वीस जानेवारीस झेंड्याची दोरी ओढणेस बाईसाहेबांनी हात उचलला आणि काखेत 'टर्र' ऐसा आवाज होऊन भर जमावात शिवण फुटली. बाईसाहेबांनी पदर ओढून हात खाली घेतला. इतक्यात संस्थेचे सचिव मंदारराव, गृहस्थ भला परंतु मदतीची भारी हौस, पुढे धावले आणि बोलिले, "राहू द्या मॅडम, तुम्ही नुसता हात लावा. ओढतो मी." पंधरा ऑगस्टासही तेच. बाईसाहेबांनी हात लावला, मंदाररावांनी ओढले, टाळ्या मंदाररावांकडे पाहून पडल्या. आणि मग मुक्तिदिनाची नोटीस लागली, तीत लिहिले होते : झेंडावंदन, अध्यक्षांच्या हस्ते, सचिवांच्या सहकार्याने.

'सहकार्याने' हा शब्द बाईसाहेबांनी जिन्यात उभे राहून तीनदा वाचिला. घरी येऊन यजमान वैजनाथराव यांस फर्माविले की, सतरा तारखेस दोरी मी एकटी ओढीन, नाहीतर अध्यक्षपदाचा राजीनामा देईन. वैजनाथराव शांत स्वभावाचे. ते म्हणाले, "दुसरा टेलर पाहू." हे ते बावीस वर्षे म्हणत आले होते.

ऐसियास या प्रांतीचा कायदा सांगणे अवश्य. बाई टेलराकडे गेली तर तिच्या अंगास टेप लागत नाही. बाई पिशवीतून एक जुने ब्लाऊज काढिते, त्यास मापाचे ब्लाऊज म्हणतात, आणि ते मास्तरच्या पुढ्यात ठेवून म्हणते, "असंच, फक्त जरा बरं शिवा." मास्तर त्यावरहुकूम शिवितो. मापाचे ब्लाऊज कोणी घालीत नाही. ते कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळीसह, गादीवर बसलेल्या राजासारखे असते. बाईसाहेबांचे मापाचे ब्लाऊज जांभळ्या रंगाचे, लग्नापासूनचे. त्याच्या हुकमावरून सात टेलरांनी सुमारे दीडशे ब्लाऊजे शिविली, आणि दीडशेही हाताशी वैर धरून राहिली.

तरी शेवटचा तह करावा म्हणोन बाईसाहेब औरंगपुऱ्यात करीम मास्तरांच्या दुकानी गेल्या आणि रोकडा सवाल केला की हात का उठत नाही. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढविला आणि म्हणाले, "भाभी, कपडा तुमारा, माप तुमारा, मैं तो खाली कैंची चलाया. जैसा दिये वैसाच काटा. बुरा नक्को मानो, लेकिन हात उठाना था तो पैलेच बोलना था ना."

ब्लाऊज आता आपणच शिवावे ऐसा निश्चय करून बाईसाहेब तेथून निघाल्या त्या रिक्षाने थेट मुकुंदवाडीस, जेथे सुलेखाताई यांचा अठरा वर्षे शिवणक्लास चालतो. सुलेखाताईंचे यजमान धम्मपाल शेंद्र्यास कारखान्यात फोरमन, आणि सुलेखाताईंनी शिकविलेल्या मुली निम्म्या शहरास कपडे घालितात. बाईसाहेब आणि सुलेखाताई एकमेकींस मॅडम म्हणत, त्यामुळे क्लासातील मुलींस हुकूम कोणी कोणास दिला हे कळत नसे.

पहिली चढाई बाईसाहेबांनी स्वबुद्धीने केली. हात अडकतो तर जागा पाहिजे, जागा पाहिजे तर काखेतील गोलाई, जिला शिवणकामात मुंढा म्हणतात, ती खोल करावी, ऐसा भूगोलाचा विचार करून मांजरपाटाच्या तुकड्यावर मुंढा दोन बोटे खाली कापला. मग बाह्या लाविल्या आणि अंगात घालून हात उचलिला, तो पूर्वी चार बोटे उठत होता तो आता दोनच बोटे उठला. शिवाय दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या. दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारात, शत्रू जसा वळणावळणावर चुके आणि आपल्याच माणसास भिडे तैसा प्रकार जाहला. क्लासातील मुली हसल्या. बाईसाहेबांनी वर्गात पाहावे तैसे त्यांजकडे पाहिले आणि त्या गप्प जाहल्या, परंतु एकीच्या नाकातून आवाज आलाच.

सुलेखाताई म्हणाल्या, "मॅडम, मुंढा खाली गेला की बाही कमरंला बांधल्यावानी होती. हात उचलला की सगळं अंग वढतंय. मुंढा काखंला लागून, वर पायजे. आन् बाही रुंद." हे गणित बाईसाहेबांस उमगेना. जागा कमी केली की जागा वाढते, हे भूगोलात कोठे नाही.

इतक्यात वर्दी आली की नळ आले. आठव्या दिवशी नळ येतात, तेव्हां या शहरी कोणतीही लढाई असो, उभय पक्ष शस्त्रे खाली ठेवून बादल्या उचलितात. सबब तो दिवस तहात गेला.

दुसरे दिवशी सुलेखाताईंनी मापाचे ब्लाऊज मागितले. बाईसाहेबांनी ते पिशवीतून असे काढिले जसे मूर्ती काढावी. सुलेखाताईंनी ते बाईसाहेबांच्या पाठीस लावून पाहिले, मग खांद्यास लावून पाहिले, आणि मग एक एक टाका उसवू लागल्या. बाईसाहेब कळवळून म्हणाल्या, "अहो, माप आहे ते!"

"माप हाय, पण कुणाचं?" सुलेखाताई म्हणाल्या. "ही बाई तुमच्यापेक्षा लई उंच हाय मॅडम. खांदा बी रुंद. टेलर लोकांनी बाजूनं दाबून दाबून तुम्हाला बसवलंय, मुंढा मातर तिचाच राहिला."

आणि मग अस्तराच्या आत, कमरपट्टीच्या दुमडीत, शिवून टाकलेली बोटभर चिठ्ठी निघाली. टेलर लोक कपडा अदलाबदल होऊ नये म्हणोन लावितात तैसी. तीवर निळ्या शाईने लिहिले होते : रत्नमाला, वैजापूर, अर्जंट.

रत्नमालाबाई म्हणजे बाईसाहेबांच्या थोरल्या जाऊबाई, उंची पाच फूट सात इंच, वैजापुरास वास्तव्य. बाईसाहेबांनी तेथूनच फोन लाविला. जाबसाल जाहला तो ऐसा की, लग्न घाईचे, नवऱ्या मुलीचे माप आणणेस कोणास फुरसत नव्हती, तेव्हां सासूबाईंनी म्हटले की सुनेचेच तर शिवायचे आहे, आणि घरातील सुनेचे ब्लाऊज टेलराकडे धाडिले; तेच पुढे मापाचे म्हणोन नवरीच्या पिशवीत आले. "मला वाटलं तू नंतर बदललं असशील माप," रत्नमालाबाई फोनवर म्हणाल्या. "अगं बाई, म्हणजे बावीस वर्षं तू माझ्या अंगात राह्यलीस की गं!"

बाईसाहेब फोन ठेवून क्लासातील आरशापुढे उभ्या राहिल्या. बावीस वर्षे त्यांनी आपल्या दंडास, आपल्या पाठीस, आपल्या वयास बोल लाविला होता. भात सोडला होता, पोळी सोडली होती, एकदा तर महिनाभर दुधी भोपळ्याचा रस प्याल्या होत्या. आणि अंग बिचारे पहिल्यापासून निर्दोष, मुकाट, दुसऱ्याच्या नावावर शिक्षा भोगीत बसले होते. मग त्यांनी दोन्ही हात किंचित बाजूस घेतले आणि सुलेखाताईंस म्हटले, "घ्या माप. माझं."

त्या दिवशी बाईसाहेबांच्या अंगास प्रथमच टेप लागली. मोजणी सविस्तर जाहली. तीत उजवा खांदा डाव्याहून अर्धा इंच उतरलेला आढळला, वह्यांची पिशवी बावीस वर्षे त्या अंगी असल्याने. सुलेखाताईंनी त्या अर्ध्या इंचाचीही दखल घेतली. मग बाईसाहेबांनी वर्तमानपत्रावर आपला नकाशा काढिला, मांजरपाटावर कापिला, घालून पाहिला, उसविला, पुन्हा शिविला. ऐसे पाच वेळा. नकाशा काढणे हे तर त्यांचे रोजचे काम. मात्र हा मुलूख त्यांनी कधी पाहिला नव्हता.

परंतु फत्ते दिसू लागली तोच घरातून अडचण निघाली. वैजनाथरावांनी पंचांग पाहून अर्ज केला की सतरा तारीख पितृपक्षात पडते, पक्षात नवे वस्त्र अंगास लावीत नाहीत. बाईसाहेब हताश जाहल्या. सुलेखाताईंस विचारिता त्या म्हणाल्या, "आमच्यात पक्ष पाळत नाहीत मॅडम, मला नका विचारू. पण पक्षाच्या आधी घडी मोडली, तर ते नवं राहील कसं?" ही मसलत वैजनाथरावांनी मान्य केली, शास्त्रापेक्षा राजीनाम्याच्या भयाने अधिक.

सबब मोहीम अकरा दिवसांनी अलीकडे आली. बाईसाहेबांनी शाळेतून येऊन पायमशीन चालविले, बॉबिनचा गुंता सोडविला, दोनदा बोटात सुई टोचून घेतली, आणि अनंत चतुर्दशीस दुपारच्या आरतीस मोरपंखी ब्लाऊजाची घडी मोडिली. आरती सरली आणि बाईसाहेब स्वयंपाकघरात गेल्या, उजवा हात उचलिला. हात खांद्यावर गेला, कानावर गेला, माळ्यावर गेला, आणि पापडाचा डबा हाती आला. शिवण चकार शब्द बोलली नाही. वैजनाथराव डब्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "तळू का?"

मग सतरा तारीख उगवली. जमाव पन्नास-साठ. रत्नमालाबाई खास वैजापुराहून सकाळच्या एसटीने दाखल. मंदारराव स्तंभाजवळ दोन्ही हात अर्धे पुढे करून उभे, जणू वरून हंडा पडणार आहे. बाईसाहेबांनी त्यांस आज्ञा केली की, चार पावले मागे. मंदारराव मागे गेले. बाईसाहेबांनी हात उंच केला, दोरी धरिली, ओढिली, पुन्हा हात उंच केला, पुन्हा ओढिली, आणि झेंडा एकट्या हाताने वर चढला. राष्ट्रगीत जाहले. मंदाररावांनीच प्रथम टाळी वाजविली, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवणे न्यायाचे.

चहाच्या वेळी रत्नमालाबाईंनी बाईसाहेबांची बाही चिमटीत धरून पाहिली, मुंढा पाहिला, पाठ पाहिली आणि लाडाने म्हणाल्या, "लई झकास बसलंय गं. दे की मला दोन दिवस. मापाला नेते."

बाईसाहेबांनी चहाचा कप खाली ठेविला, पर्समधून टेप काढिली, फटकन मोकळी केली, आणि बोलिल्या, "हात वर करा, वहिनी."

येणेप्रमाणे बावीस वर्षांची परकी सत्ता खालसा जाहली. जांभळे ब्लाऊज पुन्हा टाके घालून त्याच्या खऱ्या धनिणीच्या स्वाधीन केले. ते तिलाही होईना, ही गोष्ट निराळी. दुसरे दिवशी गुरुवारी, आठवी ब, तिसऱ्या तासास, बाईसाहेबांनी फळ्यावर भारताचा नकाशा काढिला, आणि हिमालय सातपुड्याच्या उरावरून उठून, साऱ्या वर्गासमक्ष, फळ्याच्या वरच्या काठाशी आपल्या जागी दाखल जाहला. मोहीम तेथे पुरी. लेखनाच्या शिवणीत थोडे जादा कापड आत सोडून ठेविले आहे, पुढे कोणास सैल करणे असल्यास उपयोगी पडावे.