मिलुन्काच्या जिभेची जोखीम

मानवजातीचा इतिहास हा मुळात अंतर्गत नियंत्रणाच्या अभावाचा इतिहास आहे. स्वर्गातल्या बागेत फळ तोडण्यापूर्वी दुसऱ्या अधिकाऱ्याची सही लागली असती, तर आज आपण सगळे तिथेच, बिनकपड्यांचे आणि बिनकामाचे, सुखात असतो. आमच्या कारखान्यात हे सत्य तसं उशिराच पोचलं. आमच्याकडे सफरचंद होत नाही, मिरची होते.

ही मिरची लांब, लाल आणि स्वभावाने गोड. सप्टेंबरात ती भाजायची, सोलायची, कढईत तासन्‌तास ढवळायची, की आय्वार नावाची चटणी होते. आमच्या दक्षिण सर्बियात ज्या घरात हिवाळ्यापुरतं आय्वार नाही, त्या घरी मुलगी द्यायला लोक कचरतात. कारखान्यात भट्ट्या सहा, कढया नऊ, बायका बेचाळीस आणि जीभ एक. ही जीभ मिलुन्का स्तोयिल्कोविचची. सव्वीस वर्षं ती कढईपाशी जायची, लाकडी चमचा तोंडात घालायची आणि "भरा" किंवा "अजून" यांपैकी एक शब्द बोलायची. यापलीकडे गुणवत्ता-व्यवस्था नव्हती. (तक्रारी: सव्वीस वर्षांत तीन. पैकी दोन झाकण उघडत नाही म्हणून.)

ही अवस्था किती भयानक आहे हे कंपनीला कळलं ते तियाना आल्यावर. तियाना बेलग्रेडहून जोखीम व्यवस्थापन शिकून आलेली, हुशार, मेहनती मुलगी. दोष एवढाच, की लोक जे सांगतील ते ती लिहून घ्यायची. तिने जोखीम नोंदवही उघडली. संकट घडण्याची शक्यता पाचपैकी किती, घडलं तर नुकसान पाचपैकी किती, आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे जोखीम. कर्मचाऱ्यांनी मनमोकळं बोलावं असं आवाहन झालं आणि दुर्दैवाने ते बोलले. आगीला बारा गुण पडले. पीक बुडण्याला दहा. समोरासमोरची दोन दारं एकाच वेळी उघडी राहून मानेवर वाऱ्याचा झोत येणं, याला पंचवीसपैकी पंचवीस. (या झोताने आमच्याकडे माना धरतात, कान जातात आणि एकदा तर ठरलेलं लग्न मोडलं.) उपाय म्हणून, आग लागली तर बाहेर पडायचं जे मागचं दार होतं, ते खिळे ठोकून बंद केलं. झोत तीन गुणांवर आला. आग बारावरून वीसवर गेली खरी, पण सगळंच एकदम कसं साधणार.

मग नोंदवहीत पंचवीस गुणांची जागा रिकामी झाली आणि तिथे मिलुन्काची जीभ आली. आणि नेमकी तेव्हाच मिलुन्काने रजा मागितली. तिची लेक स्लोव्हेनियात, मारिबोरला असते. सप्टेंबरात पहिलं नातवंड यायचं होतं.

"आठ दिवस, रादे," ती संचालकांना म्हणाली. (संचालक रादिवोये यांचं नाक तिने लहानपणी पुसलेलं असल्याने 'साहेब' म्हणायची प्रथा पडली नव्हती.)

"मावशी, ऐन हंगामात?"

"लेकीला कळवू का, मिरची संपेस्तोवर थांब म्हणून?"

"तसं नाही गं. पण तू कंपनीची सगळ्यात मोठी जोखीम आहेस."

"तुझी आई पण मला हेच म्हणायची."

नियम साधा होता. जिच्यावाचून काम अडतं, तिला पर्यायी जीभ प्रमाणित झाल्याखेरीज रजा नाही. पर्यायी जीभ ठरवायला आधी मूळ जीभ मोजायला हवी, आणि मोजणारा परीक्षक स्वतंत्र हवा: कारखान्यातल्या कुणाशीही नातं नको. गावची वस्ती एकतीसशे. नातं नसलेले दोघेच निघाले, पोस्टमास्तर आणि त्याची बायको, पण तेही एकमेकांचे नातलग होते. तेव्हा परीक्षक बाहेरून आणायचं ठरलं.

इथे गाठ पडली ती कूम या संस्थेशी. लग्नात साक्षीला उभा राहतो, पोराचं नाव ठेवतो, तो कूम. रक्ताचं नातं तोडता येतं, त्यासाठी कोर्टं आहेत. कूमचं तुटत नाही. शिवाय कुणी 'कूम व्हा' म्हटलं तर नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणाऱ्याचं काय होतं हे कुणाला ठाऊक नाही, कारण अजून कुणी म्हटलेलं नाही.

पहिला परीक्षक नीशहून आला. एकटा माणूस खानावळीत जेवणार म्हटल्यावर भट्टीवरच्या बायकांना राहवेना. चौथ्या दिवशी त्याने एकीच्या नातवाचं नाव ठेवलं आणि त्याचं स्वातंत्र्य संपलं. दुसरा आठवडाभर टिकला. तिसरा कुणाकडेच जेवला नाही, फक्त हॉटेलात खाल्लं. शनिवारी हॉटेलवाल्याचं लग्न होतं. जुलैअखेर पाच परीक्षक बाद झाले आणि गावाला पाच कूम मिळाले. तियानाने नवी जोखीम नोंदवली: 'आदरातिथ्य, वीस गुण'. उपाय: परीक्षकास कोणीही जेवायला बोलावू नये. (पालन: शून्य टक्के. कारखान्यातला हा सर्वांत स्थिर आकडा.)

सहावा ओग्न्येन, नोवी सादचा. चाळिशीचा, घटस्फोटित, पोटात अल्सर. स्वतःचा डबा, स्वतःचं पाणी. माणूस इतका स्वतंत्र की बघून वाईट वाटावं. सप्टेंबर लागताच त्याने जिभेचं परीक्षण सुरू केलं. नियमानुसार ते पूर्ण होईपर्यंत जीभ परीक्षकाच्या नजरेआड होता कामा नये, म्हणून तो मिलुन्काच्या मागे वही घेऊन कढईकढईने हिंडू लागला.

बारा तारखेला मारिबोरहून फोन आला. मुलगी, तीन किलो शंभर ग्रॅम. मिलुन्काने फोन ॲप्रनच्या खिशात टाकला आणि बराच वेळ हात खिशातच ठेवला.

"मावशी, काही करता आलं असतं तर केलं असतं हो," तियाना म्हणाली.

"माहितीये गं पोरी. कॉफी घे, गार होतेय." मग मिलुन्का ओग्न्येनकडे वळली. "बाळा, आमच्या नातीचा कूम हो."

"मी? अहो मावशी, मी तुमची तपासणी करतोय."

"कर की. कूम होऊन कर."

"माझं स्वातंत्र्य जाईल."

"बायको सोडून जाऊन तीन वर्षं झाली म्हणालास. काय केलंस त्या स्वातंत्र्याचं?"

ओग्न्येनने वही चाळून पाहिली. असा रकाना तिच्यात नव्हता.

पुढचं सगळं नियमाने झालं. कूमला नाव ठेवायला जावंच लागतं. परीक्षण चालू असताना जीभ नजरेआड करता येत नाही. परीक्षकाला बाद करण्याच्या आदेशाला पंधरा दिवसांची हरकतीची मुदत असते, तोवर तो परीक्षकच राहतो. तेव्हा परीक्षक आणि जीभ एकाच बसने मारिबोरला गेले. हजेरीपटावर शेरा पडला: 'बाह्यस्थळी परीक्षण, आठ दिवस.' (रजा नामंजूरच आहे. आजही.)

ते आठ दिवस कारखाना बिनजिभेचा चालला. तियानाची जोखीम समिती रोज बसली आणि भरलेल्या प्रत्येक कढईवर 'अप्रमाणित' अशी चिठ्ठी लावत राहिली. माल गेला, लोकांनी खाल्ला, कुणी काही बोललं नाही. मिलुन्का फोटो घेऊन परतली, तेव्हा तियाना तिच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती.

"तुमच्यावाचून हे जमलं कसं, मावशी?"

"माझ्यासकट तरी कसं जमत होतं? चार वर्षं झाली, मला चव कळत नाही. आजारात गेली ती परत आली नाही."

तियानाचं पेन थांबलं. "मग 'भरा' कशावरून म्हणायचात?"

"देसान्काकडे बघून. ती ढवळते ना. झालं की तिच्या कपाळाची आठी जाते."

"सांगितलं का नाही कधी?"

"विचारलं कुणी? तुमच्या फॉर्मवर जिभेची लांबी विचारली होती. ती मी खरी लिहिली."

दुसरं कुणी असतं तर या क्षणी नोंदवही मिटून ठेवली असती. तियानाने 'मिलुन्काची जीभ' खोडलं आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'देसान्काचं कपाळ, पंचवीस गुण.' मिलुन्काला आता हवी तेव्हा रजा मिळते. जिच्यावाचून काही अडत नाही, तिला अडवायचं कशाला? देसान्काच्या डोईचा रुमाल मात्र बोटभर मागे सरकवायला लावला आहे. आणि देसान्काने कालच अर्ज दिला. वय अठ्ठावन्न, समुद्र पाहिलेला नाही, सहा दिवस मिळावेत. तिच्या कपाळासाठी स्वतंत्र परीक्षक हवा आहे. ओग्न्येन आता गावातच राहतो, आणि त्याला सतरा घरच्या सणांचं जेवायचं आमंत्रण असतं.

म्हणून वाचकहो, तुमच्याकडे आलो. तुम्ही आमचे कुणी नाही. आय्वार चाखलेलं नाही, देसान्काला पाहिलेलं नाही, आणि एका बाईची रजा अडल्याची गोष्ट मजेत वाचत इथवर आलात, मध्ये एकदाही खुर्ची सोडली नाहीत. इतकं निखळ स्वातंत्र्य आमच्या भागात सापडत नाही. सोबतच्या तीन पानांवर 'वरील कपाळ मी जातीने तपासले आहे' या वाक्याखाली सही करा. मजकूर वाचत बसू नका, एरवी तरी कुठे वाचता. फक्त शाई निळी वापरा. काळी आमच्याकडे चालत नाही.