डाव्या हाताचा मळ

"अहो, आधी जिना मोजा," बायकोने पुन्हा सांगितले.

निवृत्त इंग्रजी मास्तरांनी दारात उतरवलेल्या नव्या सोफ्याकडे पाहिले आणि बाह्या सरसावल्या. "वॉक इन द पार्क! शब्दशः अर्थ, बागेतला फेरफटका. खरा अर्थ, डाव्या हाताचा मळ. वापर: मास्तरांना सोफा वर नेणे म्हणजे वॉक इन द पार्क."

"वापर राहू द्या, टेप घ्या."

पण मास्तर हट्टाला पेटले होते. संध्याकाळी थोरली मेहुणी येणार होती. मास्तर वाक्प्रचारापेक्षा जड काही उचलत नाहीत, हे तिचे यांच्या लग्नापासूनचे मत. आज ती येण्याआधी सोफा तिसऱ्या मजल्यावर पोचणार आणि तिचे तोंड बंद होणार, असे त्यांनी ठरवले होते.

पहिला मजला सहज पार पडला. पुढच्या वळणावर सोफा थबकला.

"मास्तर, गॅलरीतून दोराने ओढू," दोन हमालांपैकी एक म्हणाला.

"काही नको. तिरपा करा."

तिरपा केल्यावर सोफा असा रुतला, की पुढे जाईना आणि मागेही येईना. तेवढ्यात वरून दातांचे डॉक्टर चहा उरकून धावत खाली आले.

"सरका, मास्तर! खाली दवाखान्यात पेशंट जबडा बधिर करून बसलाय!"

"एकच मिनिट, डॉक्टर. अगदी वॉक इन द..."

"तोवर त्याचा जबडा जागा होईल!"

नाइलाजाने डॉक्टरांनी वरून जोर लावला. कठडा करकरला, आणि सोफा धप्पकन वळणावरच्या सपाट जागेत चारही पायांवर बसला. बाजूने अंग चोरून जाण्यापुरती वाट उरली. तिथून डॉक्टर निसटले.

"आता हा वर जात नाही," दोघे हमाल कपाळ पुसत म्हणाले. "आमचा रामराम घ्या."

मास्तरांनी रामराम घेतला नाही. एकट्याने खांदा लावला, पाठ लावली, शेवटी डोके लावले. सोफा ढिम्म. आणि खालून ओळखीची धाप ऐकू आली.

मेहुणी वळणावर आली, थांबली आणि सोफ्यावर कोसळली. मास्तर कबुलीजबाबाची जुळवाजुळव करू लागले.

"ताई, त्याचं असं झालं..."

"मास्तर," तिचा आवाज चक्क ओलावला होता, "जिन्यात माझ्यासाठी बसायची सोय केलीत? मी तुमच्याकडे का येत नव्हते, ठाऊक आहे?"

"माझ्यामुळे?"

"छे हो! या मेल्या जिन्यामुळे. माणूस ओळखायला चुकले मी." तिने पाय वर घेतले. "आता दर रविवारी येत जाईन. मुक्कामालाच."

वरच्या पायरीवर बायकोने तोंडाला पदर लावला. पेशंट आटोपून परतणारे डॉक्टर बाजूच्या फटीतून सरकत होते. मास्तरांनी त्यांचा दंड पकडला.

"डॉक्टर," ते कानाशी लागून म्हणाले, "हा खाली उतरवायला जड जाईल का हो?"