आठ मॅचिंगमधली शेड

हिलालआप्पांनी स्वतःच्या छातीचा एक्स-रे उजेडाकडे धरला, डोळे बारीक केले आणि डॉक्टरांना सांगितलं, "डाग सुंदर आहे साहेब, पण रिपीट बसत नाही."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी शेजारी, सोबत म्हणून गेलेला. मी काय सांगणार? पलसाण्याच्या मिलमध्ये साड्यांच्या डिझाइन काढण्यात या माणसाचा जन्म गेला. कॉम्प्युटरवर एक फूल काढायचं आणि ते साडीभर न अडखळता पुन्हा पुन्हा उमटवायचं, त्याला म्हणायचं रिपीट. आप्पांच्या लेखी जगात दोनच गोष्टी होत्या: रिपीट बसणाऱ्या आणि फालतू. पुतणीच्या लग्नात नवरीवर अक्षता टाकताना ते व्याह्यांना म्हणाले होते, "पोरगी छान, पण शालूत सांधा दिसतोय."

दवाखान्यातून बाहेर पडताना म्हणाले, "डॉक्टर सांगतात, दिवाळीचा भरवसा धरू नका. म्हणजे शेड त्याआधी पाहिजे."

शेड आप्पांच्या बायकोसाठी, कमलवहिनींसाठी. वहिनी साड्यांना खडे चिकटवायचं काम घरी आणत. बमरोलीतलं त्यांचं घर म्हणजे एक खोली. तिच्यात खडे, गोंदाचा वास आणि आप्पांचा खोकला. मूलबाळ नव्हतं. घरामागे माझ्या कंपाउंडच्या भिंतीपर्यंत थोडी मोकळी जागा होती. तिथं पत्र्याची शेड झाली, तर वहिनी चार बायका हाताशी घेऊन काम करतील, आप्पांच्या मागं घर चालेल. ती आपल्या डोळ्यांदेखत उभी राहावी, एवढाच आप्पांचा हट्ट.

दुसरा कोणी असता तर वेल्डरला बोलावून हातवारे करून मोकळा झाला असता. आप्पांनी कॉम्प्युटर उघडला. छताची लेयर वेगळी, दाराची वेगळी, सावलीची तर तिसरीच! स्क्रीनवर शेड गरगर फिरवून दाखवत. "हा काठ, हा काठ, आणि दाराची बाजू म्हणजे पदर." आप्पा रोडावत चालले होते आणि ड्रॉइंग अंगानं भरत चाललं होतं.

साडीची एकच डिझाइन इथं आठ रंगांत काढतात, त्याला मॅचिंग म्हणतात. एका संध्याकाळी आप्पांनी मला शेडचे आठ मॅचिंग दाखवले. राणी, रामा, मेहंदी, वाइन...

"आप्पा, आपल्याकडं पत्रा निळाच मिळतो."

"म्हणून बघायचंसुद्धा नाही?"

वहिनी आतून कडाडल्या, "लग्नात मला एक साडी धड निवडली नाही, आणि पत्र्याला आठ रंग!"

शेवटी वेल्डर सांगाडा टेम्पोत घालून आला. ड्रॉइंगबरहुकूम, एक सूत इकडेतिकडे नाही. आणि तो जागेत जाईना. वीतभर जास्त.

"चाचा, माप किसने लिया?"

"मैंने. बराबर है." आप्पा शांतपणे म्हणाले, "आखडाई जाई."

म्हणजे आखडेल! कापड प्रोसेसमध्ये आखडतं, म्हणून मिलमध्ये डिझाइन थोडी मोठी काढतात. आप्पांच्या हातानं सवयीनं लोखंडालाही तेवढी सूट दिली होती.

वेल्डर हसला. मी तर पोट धरून हसलो. "आप्पा, भिजवून वाळत घालू का?"

आप्पा हसले नाहीत. पायरीवर बसून श्वास गोळा करत राहिले. वेल्डर म्हणाला, सगळे जोड सोडवून पुन्हा करावे लागतील, आणि माणसं तर उद्या गावाला निघाली. आता छठपूजा करून आल्यावरच.

छठ म्हणजे दिवाळीनंतर. माझं हसू आटलं.

"आप्पा, भिंत माझीच आहे ना? आज पाडतो, मागाहून वीतभर आत बांधतो. आजच्या आज सांगाडा उभा करू."

आप्पांनी भिंतीकडे पाहिलं. मग वेल्डरला म्हणाले, "ले जा. काट के ला."

"आप्पा, अहो, छठनंतर..."

"समजलं मला. पण ती वीत तू उद्या कमलला बोलून दाखवशील." मनातलं बोलायचं झालं की आप्पा अहिराणीवर येत. "तुनी जीभ माले माहीत शे."

सांगाडा पुन्हा टेम्पोत चढला आणि गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला. आप्पा माझ्या खांद्याला धरून उठले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "भिंत नको. पण बोलत जा तिच्याशी, रोज, असाच वात्रटासारखा. मी गेल्यावर सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलतील. तिले मुकं घर चालत नही."

मी दारातून आत ओरडलो, "कमलवहिनी, चहा टाका! तुमच्या इंजिनिअरनं लोखंड नापास केलं!"

"दूध तुमच्या घरून आणा, भाऊजी! आणि कपबशी पण आणा, मागची तुम्हीच फोडलीत!"

आप्पा हसले. हसता हसता त्यांना उबळ आली, भिंतीला टेकून दुमडूनच गेले. तो खोकला आत ऐकू जाऊ नये म्हणून मी वहिनींशी दुधावरून मोठमोठ्यानं भांडत राहिलो.