मालूताईंची पोर वरच्या घरात

रेफ्रीला शिव्या देणारी माणसं इंग्लंडात गल्लोगल्ली आहेत. त्याला 'नणंद' म्हणणारी बाई एकच. आमच्या मालूताई.

शिट्टी वाजली की त्या ताडकन उभ्या राहतात. "बोललीच बघा नणंद! पोरीनं जरा पाऊल टाकलं की हिच्या पोटात दुखलं!"

मालूताई माझ्या बायकोची, इंदूची मैत्रीण. मँचेस्टरहून ट्रामनं शेवटच्या स्टॉपला उतरलं की आमचं गाव, आणि फुटबॉलच्या मैदानामागच्या गल्लीत आमची घरं. मालूताईंची सगळी नोकरी लाँड्रीत गेली. आमच्या क्लबचे कपडे त्याच लाँड्रीत यायचे. चिखलानं जड झालेले शर्ट, कडक झालेले मोजे. म्हणून त्या म्हणतात, "ही पोर माझ्या हाताखाली वाढलीय भावजी. हिचं सगळं मी केलंय." पोर म्हणजे अख्खा क्लब. अकरा दांडगे बाप्ये, कुणाला दाढी, कुणाचं मानेपर्यंत गोंदलेलं. तरी पोरच.

ही पोर गेल्या साली वरच्या डिव्हिजनमध्ये गेली. गाव नाचलं. पबवाल्यानं रस्त्यावर टेबलं मांडली. मालूताई एकट्या डोळे पुसत उभ्या. "वरच्या घरात पडली हो. बड्या लोकांत. नांदेल का?"

त्याच आठवड्यात दोघी मैत्रिणींनी सीझन तिकिटं काढली, खुर्चीला खुर्ची लागून. सीझन सुरू व्हायच्या आधी इंदू गेली. मी फार शिकलेला नाही, असलं मला मांडता येत नाही. गेली, एवढंच लिहितो.

मी पडदे ओढून घरात बसलो. मालूताई आल्या, त्यांनी पडदे सरकवले आणि म्हणाल्या, "उठा भावजी. इंदूची खुर्ची रिकामी दिसली तर कोणीतरी ओला कोट ठेवील तिच्यावर."

ते मला चालणार नव्हतं. इंदूच्या खुर्चीवर कुणाचा ओला कोट? उठलो आणि गेलो.

पहिली बाहेरगावची मॅच होती त्या सकाळी मालूताई ताट घेऊन क्लबच्या गेटवर हजर. कोचच्या, म्हणजे टीमच्या बसच्या, नाकाडावर त्यांनी हळदीकुंकवाची बोटं ओढली. ड्रायव्हर खाली उतरला. "काय गं माय, माझ्या गाडीला केचप का फासतेस?" मालूताईंनी त्यालाही कुंकू लावलं आणि नारळ हातात दिला. तो बिचारा बॉम्ब धरल्यासारखा नारळ धरून उभा. कोच वळणाआड गेला तरी ह्या पदराचं टोक तोंडात धरून उभ्या. मला हसू आलं, आणि इंदू गेल्यापासूनचं ते पहिलं हसू होतं, म्हणून लाजही वाटली.

मालूताईंना ऑफसाइड कळत नाही. "काय कळायचंय त्यात? पुढं पुढं केलं म्हणून बोलणी बसली." पिवळं कार्ड म्हणजे टोमणा. लाल म्हणजे घराबाहेर काढलं. गोल खाल्ला की, "सुटलं हातातून भांडं." शून्य-शून्य सुटली तर खूश असतात, "आज कोणी काही बोललं नाही तिला."

आमच्या मागच्या रांगेत डेरेक बसतो. जुना पोस्टमन, तोंडानं फटकळ. मालूताई मॅचला थालीपीठ आणतात, त्यातला तुकडा त्याला ठरलेला. एकदा त्यानं विचारलं, ही बाई रेफ्रीला काय म्हणते? मी म्हटलं, नवऱ्याची बहीण. डेरेकला दोन बहिणी आहेत, त्यामुळे त्याच्या बायकोची बाजू त्याला तिथल्या तिथं समजली. पुढच्या शिट्टीला तो ओरडला, "ननंड!" महिन्याभरात सगळा स्टँड ओरडायला लागला. रेफ्रीला काय वाटलं असेल देव जाणे.

थंडी पडली तशी पोर हरायला लागली. नाताळानंतर तळाला जाऊन बसली. लोक आधी गप्प झाले, मग चिडले. डेरेक म्हणाला, "नालायक आहेत. खाली गेले तर यांचं तोंड बघणार नाही."

मी त्याचं बोलणं मराठीत सांगितलं. खरं तर मालूताईंना ते कळलं होतं. त्यांनी त्या दिवशी थालीपीठाचा डबा उघडलाच नाही. घरी येताना म्हणाल्या, "भावजी, नाही नांदली तर नाही नांदली. पण परत आली तर घेतील ना हो तिला?"

हे त्या दर शनिवारी विचारायला लागल्या. गाव विचारायचं, टिकेल का? ह्या विचारायच्या, घेतील ना? मी म्हणायचो, फुटबॉल आहे मालूताई, कोण कुणाला घेतो!

शेवटची मॅच बाहेरगावी, दुपारची. जिंकली तर टिकणार, नाही तर खाली. मालूताईंच्या स्वयंपाकघरात मी रेडिओ लावून बसलो. त्या परातीत ज्वारीचं पीठ मळत होत्या. ऐकत होत्या की नाही कळेना, हात थांबत नव्हता. शेवटी आमच्या गोलकीपरच्या हातातून बॉल निसटला.

मी रेडिओ बंद केला. "गेली."

"गेली काय म्हणता? आली म्हणा." आणि त्यांनी भाकरी तव्यावर टाकली.

संध्याकाळी आम्ही गेटवर. उजेड होता अजून. चाळीसेक माणसं चिडून उभी, त्यात डेरेक पुढं. कोच आला तसा आरडाओरडा सुरू झाला. खेळाडू माना खाली घालून उतरत होते. मालूताई गर्दीतून सरळ पायरीशी गेल्या. ताट माझ्याकडं देऊन एका हातात भाकरीचे तुकडे घेतले, दुसऱ्या हातात तांब्या.

"हे काय आता?" डेरेक माझ्यावर खेकसला.

"लांबून घरी आलेल्या माणसाची दृष्ट काढतात," मी म्हणालो. "आमच्यात दारातच काढतात. मग आत घेतात."

गोलकीपर सगळ्यात शेवटी उतरला, डोक्यावर हूड ओढून. साडेसहा फुटांचा गडी. मालूताईंचा हात त्याच्या छातीच्या वर जाईना. "वाक," त्या मराठीतच म्हणाल्या. तो वाकला. त्यांनी तुकडा ओवाळला, पाणी फिरवलं.

"हे खायचं का?" त्यानं विचारलं.

"नो, नो. थ्रो." त्यांनी तुकडा लांब फेकला, तो नेमका डेरेकच्या बुटाशी पडला. "आलास ना? बस झालं. आत जा, हातपाय धू."

त्याला शब्द कळले नसतील. मान हलवून तो आत गेला. डेरेकनं बुटाशी पडलेल्या तुकड्याकडं बघितलं, मग टोपी काढली आणि मागच्यांना म्हणाला, "पुरे करा रे."

परत येताना मी विचारलं, "एवढं कशाला हो, मालूताई?"

गल्ली आली तेव्हा म्हणाल्या, "लग्न होऊन इथं आले त्या दुसऱ्या वर्षी मी माहेरी परत गेले होते. बॅग घेऊन, कायमची. आई दारात आली. म्हणाली, परत कधी जाणार? भाकरतुकडा राहू द्या भावजी, पाणीसुद्धा मी आत जाऊन माझ्या हातानं घेतलं."

"मग?"

"मग काय? आठ दिवसांनी आले इथं. लाँड्रीत लागले."

त्यांनी पर्समधून किल्ली काढली. तांब्या आणि ताट माझ्याकडं होतं. ताटात एक तुकडा उरला होता.

"थांबा," मी म्हणालो. "उंबऱ्यावर पाय ठेवू नका."

हे काम आमच्या घरी इंदूचं होतं. मी नुसता ओवाळून घेणारा. तरी तुकडा घेतला, मालूताईंच्या तोंडाभोवती फिरवला, पाणी फिरवलं आणि फुटपाथवर सांडलं.

"उलटं ओवाळलंत," त्या म्हणाल्या.

"पुन्हा ओवाळू?"

"ओवाळा," म्हणाल्या, आणि हातात किल्ली धरून दारात तशाच उभ्या राहिल्या.