एका भिंतीवर दोन साहेब

सुकन्याचा साखरपुडा मोडायची वेळ आली ती मानपानावरून नाही आणि पत्रिकेवरूनही नाही. दोन साहेबांवरून आली. दोघेही विमान कंपन्यांचे प्रमुख होते, दोघेही मरून गेले होते, आणि दोघांपैकी एकानेही लातूर कधी पाहिलेलं नव्हतं.

सुकन्याचा बाप मलप्पा. मुंबईच्या विमानतळावर त्याने सारी उमर बॅगा चढवल्या आणि उतरवल्या. कंपनी बंद पडली तसा तो लातूरला घरी आला, आणि येताना साहेबांचा फोटो घेऊन आला. नंबियार साहेब. बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर महात्मा बसवेश्वर आणि समोरच्या भिंतीवर नंबियार साहेब. दोघांनाही चंदनाचा हार. त्याची बायको दानम्मा म्हणाली होती की त्या जागी माझ्या बापाचा फोटो लावा, त्याने निदान घर बांधायला विटा तरी दिल्या. मलप्पाने ऐकलं नाही.

मुलाचा बाप सिद्धराम नांदेडचा. तो हैदराबादला दुसऱ्या एका कंपनीत विमानाला शिडी लावायची गाडी चालवायचा. त्याचीही कंपनी बंद पडली. सोयरीक जमली तेव्हा समोरचाही विमानातलाच आहे म्हणून दोघे इवाई, म्हणजे व्याही, फार खूश झाले होते. मुलगा काय करतो, मुलगी किती शिकली, सगळी चौकशी झाली. साहेब कोणता, हे मात्र कुणी विचारलं नाही.

साखरपुड्याच्या सकाळी सिद्धराम गाडीतून उतरला, शरणार्थ म्हणून नमस्कार झाले, पाय धुतले, आणि मलप्पाने त्याला मानाच्या जागेवर बसवलं. मानाची जागा नेमकी नंबियार साहेबांच्या खाली होती. सिद्धरामने बसता बसता वर पाहिलं.

"हे कोण? तुमचे वडील का?"

"वडलापेक्षा जास्त. आमचे साहेब."

सिद्धराम बसायचा थांबला. शर्टाच्या वरच्या खिशातून त्याने प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलेला एक लहान फोटो काढला आणि मलप्पासमोर धरला. "साहेब म्हंजे हे. थडानी साहेब."

इथेच कुणीतरी चहा आणायला हवा होता. कुणी आणला नाही.

मलप्पाने सुरुवात केली. नंबियार साहेब एकदा लोडर लोकांच्या शेडमध्ये आले, उलट्या खोक्यावर बसले आणि मलप्पाच्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. बोटं चाटून खाल्ली. सिद्धराम म्हणाला, त्यात काय मोठं, थडानी साहेबांनी माझ्या डब्यातली अंबाडीची भाजी खाल्ली आणि वर डबा स्वतः धुतला. मलप्पा म्हणाला, नंबियार साहेबांनी गर्दीच्या दिवशी कोट काढून आमच्याबरोबर बॅगा उचलल्या. सिद्धराम म्हणाला, विमानाला उशीर झाला तेव्हा थडानी साहेब स्वतः काउंटरवर उभे राहिले आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. मलप्पा म्हणाला, शिव्या आमच्या साहेबांनीही खाल्ल्या. सिद्धराम म्हणाला, आमच्या साहेबांनी जास्त खाल्ल्या.

"तुमचे साहेब येवढे चांगले होते तर कंपनी कामून बुडली?" मलप्पाने विचारलं.

"तुमची काय उडून राहिली का?" सिद्धराम म्हणाला. "आन ऐका, इवाई. ह्या फोटोखाली मी बसणार न्हाई. मी काय तुमच्या साहेबाचा नोकर न्हाई."

मलप्पा म्हणाला, फोटो हलणार नाही, बसायचं तर बसा. सिद्धरामने चपला कुठे आहेत ते पाहिलं. पाहुण्यांतल्या बायकांनी पिशव्या उचलल्या. आत ओटीचं ताट लावत बसलेली सुकन्या उठून दारात आली. तिने आणि सिद्धरामच्या मुलाने, शिवप्रसादने, एकमेकांना स्वतः पसंत केलं होतं आणि त्यासाठी दोन्ही घरांत दोन वर्षं बोलणी खाल्ली होती.

"आप्पा," ती म्हणाली, "मला ह्याच मुलासंगं लगीन करायचंय. साहेब नंतर ठरवा."

पण तिचं कोण ऐकतो. मोठी माणसं रागावली की लहानांचं लग्न हे त्यांना मध्येच आलेलं काम वाटतं.

तोड काढली ती मन्मथ स्वामींनी. साखरपुड्याचा विधी त्यांनाच करायचा होता, आणि त्यांना दुपारी औशाला दुसरीकडे जायचं होतं. ते म्हणाले, एकाच भिंतीवर दोघांचेही फोटो लावा, म्हणजे दोघांचाही मान राहील. दोघे इवाई तयार झाले, पण दोघांनाही जागा सारखी पाहिजे होती. सिद्धरामचा फोटो खिशातला. भिंतीवर लावला तर पोस्टाच्या तिकिटासारखा दिसला असता. म्हणून त्याने नवरदेवालाच पाठवलं, की जा, गंजगोलाईच्या बाजारात मोठा करून फ्रेम घालून आण. स्वतःच्या साखरपुड्याच्या दिवशी शिवप्रसाद दुसऱ्याची मोटरसायकल मागून बापाच्या साहेबाला मोठं करायला गेला.

तो परत आला तेव्हा मुहूर्ताला थोडाच वेळ होता, आणि घाईत लहान फोटो दुकानातच राहिला होता. दुकानात तयार फ्रेम एकच होती. ती सोनेरी होती, आणि आतला कागद तेवढाच असला तरी रुंद नक्षीच्या पट्टीमुळे नंबियार साहेबांच्या फ्रेमपेक्षा वीतभर मोठी.

मलप्पा म्हणाला, आमच्या घरात आमचाच साहेब लहान दिसणार का. सिद्धराम म्हणाला, वरच्या कडा सारख्या करा. मलप्पा म्हणाला, खालच्या करा. स्वामी घड्याळ पाहत होते. शेवटी दोन्ही फोटोंचे डोळे एका रेषेत आणायचे ठरलं. त्यासाठी नंबियार साहेबांना खाली काढलं, दोघांनाही दिवाणावर शेजारी शेजारी निजवलं आणि दोरीने मोजलं. मग सिद्धराम म्हणाला, खिळा मी ठोकणार, तुम्ही मुद्दाम खाली ठोकाल. मलप्पाने शेजाऱ्याचं ड्रिल मशिन आणून त्याच्या हातात दिलं. रागाच्या भरात तो एकच गोष्ट सांगायची विसरला. वरच्या टाकीतून मोरीकडे जाणारा पाइप त्याने मागच्याच वर्षी त्या भिंतीतून नेला होता.

पाणी उडालं ते सरळ सिद्धरामच्या छातीवर. तो मागे सरकला तसं ते दिवाणावर पडलं, आणि दोन्ही साहेब भिजले.

दुसऱ्या गावात पाणी उडालं असतं तर लोक हसले असते. लातुरात कुणी हसलं नाही. नळ परवा येऊन गेला होता आणि पुढच्या आठवड्याशिवाय येणार नव्हता. टाकीत होतं तेच पाणी. त्यात पाहुण्यांचं जेवण, हात धुणं, भांडी, सगळं बसवायचं होतं. हुग्गीच्या खिरीचे गहू शिजत होते. ते पाणी आता फरशीवरून उंबऱ्याकडे चाललं होतं.

शिवप्रसाद गच्चीवर पळाला, टाकीचा कॉक बंद करायला. तो खाली आला तेव्हा कॉकची मूठ त्याच्या हातात होती आणि पाणी चालूच होतं. मूठ कुणाला द्यावी हे त्याला कळेना, म्हणून त्याने ती स्वामींच्या हातात दिली.

"आमच्या साहेबांनी असल्या वक्ताला पयले माणसं कामाला लावली असती," मलप्पा म्हणाला.

"आमचे साहेब स्वतः पुढं झाले असते," सिद्धराम म्हणाला.

मलप्पा म्हणाला, मग व्हा पुढं. सिद्धराम म्हणाला, घर तुमचं आहे. पाणी दोघांच्याही पायावरून वाहत होतं.

दानम्मा स्वयंपाकघरातून आली. हाताला गव्हाचा चिकटा तसाच होता. तिने दोघांना बाजूला ढकललं, दिवाणावर चढली आणि भिंतीतल्या भोकावर तळहात दाबून धरला. धार थांबली. 

भिंतीला हात लावून ती तिथेच उभी राहिली आणि तिथूनच बोलायला लागली. इहीणबाईंना म्हणाली, तुमच्या बायका घ्या आणि फरशीवरचं पाणी बादलीत भरा, संडासाला होईल. सुकन्याला म्हणाली, हंडे, कळशा, पातेली, काय असेल ते मोरीच्या नळाखाली लाव, टाकीत उरलंय तेवढं उतरवून घे. शिवप्रसादला म्हणाली, कोपऱ्यावर प्लंबर आहे, झोपला असेल तर खाटेसकट आण. स्वामींना म्हणाली, ती मूठ खाली ठेवा आणि पाट इकडे मांडा.

स्वामी म्हणाले, मुलीच्या आईला खाली बसावं लागतं.

"मी हात काढते," दानम्मा म्हणाली. "मग बसते. चालंल का?"

स्वामींनी पाट दिवाणाजवळ मांडला. शिवप्रसाद प्लंबरला निरोप देऊन पळत परत आला तसं त्याला ओल्या पँटीवरच पाटावर बसवलं. सुकन्याची ओटी भरली, कुंकू लागलं. अंगठ्या घातल्या त्या दानम्माच्या हाताखाली, आणि तिच्या कोपरावरून एक थेंब नवरदेवाच्या टोपीवर पडत राहिला. मलप्पा आणि सिद्धरामने एकमेकांना नारळ दिला. नारळ आधी कोणी द्यायचा यावर मलप्पा काहीतरी बोलणार होता. दानम्माने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

मग ती बोलली. आवाज चढवला नाही, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"सकाळधरनं ऐकून राहिले. साहेबानं भाकर खाल्ली, साहेबानं भाजी खाल्ली. भाकर पहाटं उठून थापली कुणी? त्याचं नाव न्हाई. खाल्ली त्याचं नाव. दोघाच्या बी कंपन्या बंद पडल्या तर दोघाला बी हार. हे घर एक दिस बंद पडलं न्हाई, म्हणून मी बिनहाराचीच का?"

सिद्धरामची बायको बादलीत फडकं पिळता पिळता थांबली. "आमच्याकडं बी त्येच हाय, इहीणबाई," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या पायाशी फडकं आपटलं.

प्लंबर आला, त्याने पाइपात खुंटी मारली. दानम्माचा तळहात पांढरा पडून सुरकुतला होता. तिने तो पदराला पुसला आणि हुग्गी बघायला आत गेली. स्वामी जेवणाला न थांबता औशाला गेले.

दोघे इवाई मागच्या अंगणात गेले. तिथे कुणीतरी दोन्ही फोटो फ्रेममधून काढून उन्हात वाळत घातले होते. रंग वाहून गेला होता. एकावर चष्मा आणि मिशी उरली होती. दुसऱ्यावर काहीच उरलं नव्हतं, नुसता गुलाबी डाग.

"हे आमचे साहेब," मलप्पा चष्म्यावर बोट ठेवून म्हणाला.

"चष्मा थडानी साहेबाला होता."

"नंबियार साहेबाला काय डोळे नव्हते?"

"ह्या मिशीला मी बारा वर्षं सलाम केलाय. मला शिकवू नका."

दोघांनी कागदाची एक एक बाजू धरली. कागद ओला होता, कुणीही ओढायला धजत नव्हतं आणि सोडायलाही तयार नव्हतं. आवाज चढला. पाहुण्यांतल्या बायका पुन्हा पिशव्यांकडे पाहायला लागल्या. सुकन्याने बोटातली अंगठी घट्ट धरली.

स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

"ठेवा ते खाली," दानम्मा म्हणाली. "एकानं टँकरवाल्याला फोन लावा. दुसऱ्यानं पत्रावळ्या मांडा. मानसं भुकेली हायत."

दोघांच्या टाचा आपोआप जुळल्या. इतकी वर्षं नोकरीत जे तोंडात बसलं होतं ते दोघांच्याही तोंडातून एकदमच निघालं.

"येस सर."

दानम्माने दोघांकडे एकदा नीट पाहिलं. ती हसली नाही. तिने खिडकी लावून घेतली, आणि मलप्पा पत्रावळ्या कुठे ठेवल्यात ते शोधायला लागला.