इथून आत्या

पेन ड्राइव्ह आणायला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं नाही, असं नकाशेवाल्यांनी शुक्रवारी सकाळी दाढी करता करता ठरवलं. दुकान घरापासून फार तर दोनशे पावलांवर होतं. पुढच्या तीन दिवसांत त्यांनी जेवढा आटापिटा केला, तेवढ्यात माणूस त्या दुकानात शंभर वेळा जाऊन आला असता आणि दुकानदाराशी सोयरीकही जुळवून आला असता.

नकाशेवाले हे नकाशे छापणाऱ्या एका कचेरीत हेडक्लार्क. त्यांच्या कचेरीचे नकाशे वेबसाइटवरून लोकांना घरबसल्या मिळत. पण एकेक नकाशा दोन-दोन, तीन-तीन जीबीचा. ईमेलनं जायचा नाही, आणि साधा उतरवायला घेतला तर शेवटच्या घटकेला तुटायचा. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून कचेरीच्या कॉम्प्युटर इंजिनिअरनं वेबसाइटवर एक दुवा दिला होता आणि त्या दुव्यामागे एफटीपी नावाची व्यवस्था. कोणीही यावं, नावाच्या जागी 'अनॉनिमस' लिहावं, फाइल न्यावी. मध्येच तुटली तर जिथे तुटली तिथून पुढे न्यावी. हे सगळं नकाशेवाल्यांनी इंजिनिअरच्या खांद्यावरून पाहिलं होतं. (खांद्यावरून पाहिलेली गोष्ट आपल्याला येते, असं त्यांना लहानपणापासून वाटतं. पोहणंही त्यांनी असंच काठावरून शिकून घेतलं होतं.)

आता एवढी मोठी फाइल घरात कुठून आली, ते सांगतो. त्यांचे सासरे निवृत्त हेडमास्तर. आयुष्यभर त्यांनी कोणाचं तोंडभरून कौतुक केल्याचं कोणाला आठवत नाही. गेल्या आठवड्यात त्यांची पंच्याहत्तरी झाली आणि हेडमास्तर उभे राहून चक्क चाळीस मिनिटं बोलले; त्याचा व्हिडिओ निघाला, तीच ही फाइल. बोलता बोलता त्यांनी थोरल्या बहिणीची गोष्ट काढली. घरातल्या एकाच पोराला शिकवणं शक्य होतं, तेव्हा सातवीतल्या बहिणीनं आपणहून पटावरचं नाव काढून घेतलं आणि आपली पाटी धाकट्या भावाच्या हातात दिली. "मी जो काही हेडमास्तर झालो, तो तिच्या जागेवर बसून," असं ते म्हणाले आणि खिशात रुमाल शोधू लागले. सगळं घर रडलं. फक्त जिच्याबद्दल ते बोलले ती बहीण, म्हणजे घरादाराची आत्या, गुडघ्यांमुळे येऊ शकली नव्हती.

आत्याला ऐकू जवळजवळ येत नाही. ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं समजून घेते. आणि सोमवारी सकाळी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. त्यानंतर महिनाभर डोळ्यांवर ताण नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"तिनं रविवारी संध्याकाळपर्यंत ते पाहायलाच हवं," बायको म्हणाली. "महिन्याभरानं आपण सगळे असू, पण या वयात कोण कोणाचा भरवसा देणार? तुम्ही आपलं पेन ड्राइव्हवर घालून पाठवा."

"अगं, अकरा जीबीची फाइल आहे. चौदा नातेवाईक मागताहेत. किती पेन ड्राइव्ह वाटत बसू? आपल्या वेबसाइटवर ठेवतो." (आपली वेबसाइट म्हणजे नकाशेवाल्यांनी घरच्यांसाठी बनवलेलं एक पान. ते पाहायला आजवर तीन जण आले होते, त्यातले दोन ते स्वतःच.)

शुक्रवारी कचेरीतून आल्याबरोबर त्यांनी घरचा कॉम्प्युटर एफटीपीला जुंपला. येणाऱ्याला आपल्याकडे काही ठेवू द्यायचं नसतं, ती सोय आठवणीनं बंद करायची, असं इंजिनिअरनं सांगितलं होतं. पण ते वाक्य चालू असताना नकाशेवाले चहा घेत होते. मग त्यांनी एका बोटानं पाच ओळींचा मजकूर टाइप केला, 'अनॉनिमस'च्या जागी आपला मराठी शब्द घातला 'निनावी', पुन्हा न वाचता पान चढवून दिलं आणि त्याचा पत्ता घरच्या ग्रुपवर टाकला. भिंतीवरच्या बटणापाशी चिठ्ठी चिकटवली : हात लावू नये.

पहिला फोन पाऊण तासात आला. चुलतसासरे, बायकोचे काका.

"जावईबापू, नावाच्या जागी काय लिहायचं म्हणालात?"

"निनावी."

"म्हणजे मला नाव नाही?"

"तसं नाही हो काका, ती एक पद्धत आहे."

"सख्ख्या पुतणीच्या घरी मी निनावी म्हणून शिरू? मी माझं पूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट. तर तुमच्या मशीननं काय सांगावं? प्रवेश नाकारला!"

दुसरा फोन मेहुण्याचा. तो आत्याच्याच गावात राहायचा, आणि फाइल उतरवून आत्याला नेऊन दाखवायची कामगिरी घरच्यांनी त्याच्यावर सोपवली होती. "भावोजी, मी माझ्या नावानं प्रयत्न केला, नाही म्हणतंय."

"अरे, निनावी लिही की!"

"लिहिलं असतं, पण बाबांना विचारलं. ते नको म्हणाले."

तिसरा फोन बाबांचा, म्हणजे खुद्द हेडमास्तरांचा. "निनावी पत्र मी अडतीस वर्षं न वाचता केराच्या टोपलीत टाकलं," ते म्हणाले. "ज्याला स्वतःचं नाव लिहायची लाज वाटते, त्याच्या हाती माझं भाषण पडता कामा नये. प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या नावानं प्रवेश द्या."

सासऱ्यांपुढे नाही म्हणण्याची नकाशेवाल्यांच्या घराण्यात प्रथा नव्हती. शनिवारचा अख्खा दिवस त्यांनी चौदा नातेवाइकांची नावं कॉम्प्युटरला शिकवण्यात घालवला. काकांचं नाव आधी की मामांचं, यावरून मध्ये दोन तास काम ठप्प झालं. बायकोनं वॉशिंग मशीन लावलं तेव्हा फ्यूज उडाला, आणि पुन्हा सगळं सुरू करेपर्यंत नकाशेवाल्यांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली होती. अखेर शनिवारी संध्याकाळी मेहुण्याला स्वतःच्या नावानं प्रवेश मिळाला आणि फाइल निघाली. मुंगीच्या पावलांनी का होईना, निघाली.

रविवारी अकरा वाजता हेडमास्तर जातीनं पाहणीला आले. नकाशेवाल्यांनी पडद्यावरची यादी दाखवली. दोनच नावं होती. मेहुणा : नऊ टक्के. आणि निनावी : सत्त्याण्णव टक्के.

"हा कोण?" हेडमास्तरांनी चष्मा पुसला.

"कोणीतरी शुक्रवारी रात्रीच आलेला दिसतोय," नकाशेवाले म्हणाले. "फ्यूज उडाल्यावर तुटला होता, पण परत येऊन तुटलं तिथूनच पुढे चालू झालाय. चिकाटीचा आहे."

बायकोनं चौदाही घरी फोन लावून पाहिले. निनावी म्हणून गेल्याचं कोणीही कबूल करेना. उलट काकांनी पुन्हा एकदा वडिलांच्या नावासकट संताप व्यक्त केला.

"म्हणजे परका माणूस!" हेडमास्तर कडाडले. "दोन दिवस तुमच्या घरात शिरून माझं भाषण उपसतोय आणि तुम्ही त्याची चिकाटी वाखाणताय? बाहेर काढा त्याला."

"बाबा, त्याचे तीनच टक्के राहिलेत," बायको म्हणाली. "होऊ द्या की. जाईल आपला."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

नकाशेवाल्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. निनावी गेला की सगळी लाइन मेहुण्याला मिळणार, संध्याकाळी सहापर्यंत फाइल पुरी, आठला आत्यापुढे भाषण. (मनातल्या मनात केलेले त्यांचे हिशेब नेहमीच जमतात. कागदावर घेतले की बिघडतात.) त्यांनी निनावीच्या नावावर बोट ठेवलं, बटण दाबलं आणि दाराला कडी घालावी तसा त्याचा प्रवेशही बंद करून टाकला.

"शाब्बास," हेडमास्तर म्हणाले. जावयाला दिलेली त्यांची ही पहिली शाब्बासकी. नकाशेवाल्यांना ती अंगावर मिरवायला बरोबर दहा मिनिटं मिळाली.

दहा मिनिटांनी आत्याच्या सुनेचा फोन आला. ती हॉस्पिटलात नर्स होती आणि नुकतीच ड्युटीवरून घरी पोचली होती.

"वन्सं, तुमच्याकडचं ते मशीन बंद पडलंय का? आत्या परवापासून माझ्या कॉम्प्युटरसमोर बसून आहेत. जेवायलासुद्धा तिथेच. सत्त्याण्णव टक्के झाले होते आणि आता सांगतंय, प्रवेश नाकारला. त्या काही बोलत नाहीयेत, पण मला त्यांच्याकडे बघवत नाहीये."

बायकोनं फोन हळूच खाली ठेवला आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. हेडमास्तर खुर्चीत बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर चोर मुळात नव्हताच.

"पण तिनं निनावी कसं काय लिहिलं?" हेडमास्तरांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "तिनं?"

नकाशेवाले कॉम्प्युटरवर झेपावले. कडी काढायचं बटण त्यांना दोनदा सापडलं आणि तीनदा हरवलं. शेवटी सापडलं. मग तिघंही पडद्याकडे डोळे लावून बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मेहुणा दहा टक्क्यांवर होता, आणि एकदाचं त्याच्याखाली नाव उगवलं : निनावी. सत्त्याण्णव टक्के. पहिल्यापासून नाही, सत्त्याण्णवपासून पुढे. एफटीपीच्या या एका गुणाला नकाशेवाल्यांनी मनोमन हात जोडले. मेहुण्याला त्यांनी विनातक्रार बाहेर काढलं.

दुपारी तीन वाजता फाइल पुरी झाली. साडेचारला आत्याचा व्हिडिओ कॉल आला. तिला समोरच्याचे ओठ दिसावेत म्हणून तिघंही कॉम्प्युटरपुढे अगदी चिकटून बसले. आत्याचे डोळे लाल होते.

"पाहिलं," ती म्हणाली. "दोनदा पाहिलं. धाकट्या, अरे एवढी वर्षं मनात ठेवलंस, मला एकदा तरी सांगायचंस!"

हेडमास्तरांनी ओठ हलवले, पण शब्द फुटला नाही. तरी आत्यानं मान डोलावली. तिला कळलं असावं.

"आत्या, तू निनावी कसं गं लिहिलंस?" बायकोनं सावकाश विचारलं. "बाकी सगळे अडून बसले होते."

"ज्यांना ऐकू येतं ते नीट वाचत नाहीत, पोरी. मी वाचते. लिहिलं होतं, नावाच्या जागी निनावी लिहा. लिहिलं. माझं नाव पटावरून कधीच निघालंय, मला त्याचं काय जड? आणि वर ठळक अक्षरांत दारावर पाटी होती की! मोठी फाइल, इथून आत्या. म्हटलं, जावयाला माझी केवढी आठवण. माझ्यासाठी वेगळं दार ठेवलं."

नकाशेवाल्यांनी पान उघडून पाहिलं. 'इथून आत या' असं लिहायचं होतं. त्यांनी लिहिलं होतं 'इथून आत्या'. त्यांनी आयुष्यात केलेलं हे सर्वांत मोठं सत्कार्य होतं आणि त्यात त्यांचा काडीचा हात नव्हता. तरीही त्यांनी नम्रपणे मान लववली.

"आणि जावईबापू," आत्या पुढे म्हणाली, "तुमचंही सगळं समजलं हो."

"माझं?"

"धाकट्याच्या डाव्या खांद्यामागे बसला होतात ना तुम्ही? एकतिसाव्या मिनिटाला म्हणालात, 'घंटा द्या रे कोणीतरी.' छत्तिसाव्याला पुन्हा म्हणालात. अडतिसाव्याला घड्याळाकडे बघून जे म्हणालात, ते काही मी इथे सांगत नाही."

हे सगळं नकाशेवाले अगदी आवाज न करता पुटपुटले होते. फाइलमध्ये त्याचा कानाला लागेल असा एक शब्दही नव्हता. हेडमास्तर उठले, चपला घातल्या आणि कोणाकडेही न पाहता घरी गेले.

सोमवारी आत्याचं ऑपरेशन छान झालं. संध्याकाळी नकाशेवाले कचेरीतून आले आणि आता हे लचांड कायमचं बंद करावं म्हणून कॉम्प्युटरपाशी बसले. पाहतात तो काय, दुपारी कोणीतरी येऊन गेलं होतं. त्यानं काही नेलं नव्हतं, उलट तो एक छोटीशी फाइल ठेवून गेला होता. (इंजिनिअर काय सांगत होता, ते नकाशेवाल्यांना आत्ता कळलं.) येणाऱ्याचं नाव : निनावी. त्यांनी फाइल उघडली.

"पानावर पाच ओळी. चुका सात. शुद्धलेखन दहापैकी दोन. 'आत या' हे दोन शब्द आहेत, ते जोडून लिहू नयेत. मात्र ही एक चूक सुधारू नये, आहे तशी राहू द्यावी. मागच्या बाकावर बोलणाऱ्या मुलानं वर्गाबाहेर उभं राहावं."

बायकोनं खांद्यावरून वाचलं. "कोणी लिहिलंय हो? खाली सही नाही."

"निनावी आहे," नकाशेवाले म्हणाले, आणि निमूटपणे उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. तिथून कोपऱ्यावरचं दुकान अगदी स्वच्छ दिसत होतं. दारातच पेन ड्राइव्ह टांगलेले होते.

"अहो, चहा निवतोय," आतून बायकोची हाक आली. "किती वेळ उभे राहणार आहात?"

"घंटा होईपर्यंत," नकाशेवाले म्हणाले. या वेळी मात्र मोठ्यानं.